मागच्या काचेच्या रेघा : प्रकल्प नोंदी

७ नोव्हेंबर

काकांची गाडी आज शेडमध्ये घेतली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची मोठी सलून, म्हणजे सेडान. इंजिन आणि ब्रेकची कामं गेल्या वर्षी उरकली, आता मागची काच राहिली आहे. थंडीत चार माणसं आत बसली की पाच मिनिटांत काचेवर वाफ धरते आणि डीफॉगर, म्हणजे काचेवरच्या रेघांत वीज सोडून वाफ घालवणारी सोय, लावून काही होत नाही. काका म्हणाले, "पूर्वी दहा मिनिटांत आरपार दिसायचं. आता नुसता स्विच तापतो."

ते हे सहज बोलून गेले, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची माहिती हीच. स्विच तापतो म्हणजे करंट वाहतो आहे; फक्त काचेला मिळायची उष्णता वाटेतच खर्च होते आहे.

याच निमित्ताने बरेच दिवस मनात असलेलं आणखी एक काम हाती घेते. भंगारात निघालेल्या गाड्यांच्या दोन मागच्या काचा माझ्याकडे आहेत. एक या गाडीच्या आधीच्या पिढीची, दोन थरांमध्ये तारा असलेली. दुसरी १९८० च्या दशकाच्या अखेरची, रेघांमध्येच रेडिओची अँटेना असलेली. काकांची गाडी बरोबर मधली. तिन्ही एकाच बॅटरीवर मोजून पाहायच्या आहेत.

९ नोव्हेंबर

इंजिन बंद, बॅटरी १२.५ व्होल्ट, डीफॉगर चालू. काचेच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांमध्ये मीटर लावला तर ९.४ व्होल्ट. क्लँप मीटरवर ७.८ अँपिअर. म्हणजे ३.१ व्होल्ट वाटेत गेले. ते कुठे गेले ते एकेक टप्पा मोजून शोधलं: स्विचच्या दोन टोकांत १.१, डिकीतल्या अर्थच्या (गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या) बोल्टवर १.३, उरलेले ०.७ तारेत आणि जोडांत.

स्विचमध्ये १.१ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर म्हणजे साडेआठ वॅट. बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत साडेआठ वॅट कोंडले तर ती तापणारच.

काचेला मिळतात ७३ वॅट. व्होल्टेज पाऊणपट झालं तर उष्णताही पाऊणपट होईल असं वाटतं, पण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. १२ च्या जागी ९.४ मिळाले की हिशेबात ६१ टक्केच उरते. काचेवर एकूण १२ रेघा आहेत. काचेवर श्वासाची वाफ धरू दिली, तर १२ पैकी ३ रेघांभोवतीची वाफ जागची हलली नाही. तुटलेल्या असणार.

रेझिस्टन्स मोजायला साधा मल्टीमीटर इथे कामाचा नाही. अख्ख्या काचेचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास असतो आणि मीटरच्या वायरींचाच ०.२ ते ०.३ भरतो. म्हणून व्होल्टेज आणि करंट मोजून भागाकार केला: ९.४ भागिले ७.८, म्हणजे १.२ ओहम. नऊ रेघा समांतर असताना हा आकडा येतो, तर बाराच्या बारा चालू असताना ०.९ यायला हवा. हे आपलं लक्ष्य.

१० नोव्हेंबर

डॅशबोर्डखाली अर्धा दिवस गेला. वायरिंगच्या मूळ आराखड्यात रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, दाखवला आहे आणि गाडीत तो नाही. रिकामा ब्रॅकेट सापडला, दोन स्क्रूंची भोकंही सापडली. कधीतरी रिले बिघडला असेल आणि कोणीतरी त्याच्या वायरी सरळ स्विचला जोडून दिल्या. जो स्विच फक्त रिलेची कॉइल ओढण्यासाठी होता, म्हणजे ०.१५ अँपिअरसाठी, त्याच्यातून त्याच्या पन्नासपट करंट चालला होता.

फ्यूज काढून पाहिला. काचेच्या नळीचा, ३५ अँपिअरचा, पण आताच्या पद्धतीचा. हा बारकावा जुन्या ब्रिटिश गाड्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा: लुकास या वाहनांचं वीजसाहित्य बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं तो वितळण्याचा आकडा असतो. सलग वाहण्याची त्याची मर्यादा १७ अँपिअर. त्याच्या जागी सलग ३५ वाहणारा आधुनिक फ्यूज बसवला की संरक्षण निम्म्याने कमी होतं आणि फ्यूजच्या आधी वायर जळते. इथे नशिबाने फक्त वायरचं वेष्टण कडक झालं आहे.

१५ नोव्हेंबर

आज हत्याराला हात लावला नाही. वाचन आणि हिशेब.

मागची काच साफ ठेवण्याचा प्रश्न मोटारी बंदिस्त झाल्या तेव्हापासूनचा. पुढच्या काचेला हीटरची गरम हवा मिळते, कारण हीटर तिच्या खालीच असतो. मागच्या काचेपर्यंत ती पोचेपर्यंत निवते, आणि वाटेत माणसांच्या श्वासातली वाफ सोबत घेऊन जाते. अमेरिकन गाड्यांनी त्यावर बराच काळ पंख्याचा उपाय केला. मागच्या सीटच्या पाठीमागच्या शेल्फखाली छोटा ब्लोअर, वर जाळी, आणि आतलीच हवा काचेवर मारायची. करंट कमी लागतो ही त्याची जमेची बाजू. मात्र हवा मुळात गरम नसेल तर फार काही साधत नाही, आणि बर्फ वितळवणं त्याच्या ताकदीबाहेरचं.

काचच विजेने तापवायची ही कल्पनाही जुनीच. रोल्स-रॉइसच्या १९५५ च्या सिल्व्हर क्लाउडमध्ये विजेवर तापणारी मागची काच होती. मोटारीच्या तापणाऱ्या मागच्या काचेच्या संदर्भात हाइन्झ कुनर्ट या जर्मन अभियंत्याचं नाव घेतलं जातं. तरीही ही सोय पुढे बरीच वर्षं महागड्या गाड्यांपुरतीच राहिली. काच बनवणं अवघड होतं हे एक कारण. दुसरं, आणि मला जास्त मोठं वाटणारं कारण बॉनेटखाली होतं: एवढा करंट आणायचा कुठून?

६ व्होल्टच्या गाडीत १०० वॅटची काच म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर. शिवाय तेवढ्याच टक्के तुटीत ती वीज मागे न्यायची तर १२ व्होल्टच्या चौपट जाड तांबं लागतं. कॅडिलॅक १९५३ मध्ये १२ व्होल्टवर आली ती मुख्यतः मोठं इंजिन फिरवण्यासाठी, पण मागच्या काचेची वाट त्याने मोकळी झाली.

मग डायनमो. लुकासचा सी ४० हा त्या काळातल्या असंख्य ब्रिटिश गाड्यांतला डायनमो २२ अँपिअर देतो. हिवाळ्यातल्या रात्रीचा हिशेब मांडला: हेडलाइट आणि बाकीचे दिवे ११, इग्निशन ३ ते ४, हीटरचा पंखा ४ ते ५, वायपर ३. बेरीज २२ च्या आसपास. काचेसाठी काही उरतच नाही. सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनमो जवळजवळ काहीच देत नाही, चार्जिंगचा दिवा लागतो आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. मोठ्या गाड्यांत मोठे डायनमो होते, पण कमी फेऱ्यांवर ढेपाळणं हा डायनमोचा स्वभावच.

अल्टरनेटर आला आणि हा हिशेब जुळला. क्रायस्लरने तो १९६० च्या व्हॅलियंटमध्ये दिला. जॅग्वारच्या ४.२ लिटरच्या मार्क टेन आणि ई-टाइपमध्ये तो १९६४ मध्ये आला, लुकासचा, ४० अँपिअरच्या वर देणारा. उभ्या गाडीतही त्यातून थोडंफार चार्जिंग होत राहतं. मागची तापणारी काच १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात भराभर पसरली ती अल्टरनेटरच्या पाठोपाठ, हा माझा निष्कर्ष आहे. काचेचा इतिहास वाचायला बसले आणि चार्जिंगचा इतिहास वाचून उठले.

२२ नोव्हेंबर

जुनी तारांची काच टेबलावर उभी केली. काचेचे दोन थर, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा आणि त्या पडद्यात केसाहून बारीक तारा. दिवसा जवळ जाऊनही दिसत नाहीत. अंधारात समोर टॉर्च धरला की त्या तारांवर प्रकाश विखुरतो आणि आडवी धूसर झळाळी उमटते. मागून येणाऱ्या गाडीचे हेडलाइट आरशात तसेच दिसत असणार.

१२.५ व्होल्टवर ७.८ अँपिअर घेतले. योगायोग असा की काकांच्या मोडक्या सर्किटचाही आकडा हाच आहे. पण इथे पूर्ण १२.५ व्होल्ट काचेला मिळतात, म्हणून ९८ वॅट.

गुणाने ही काच फार देखणी तापते. हात फिरवला तर कुठे जास्त, कुठे कमी असं लागत नाही. वाफ सगळीकडून एकदम विरळ होत जाते, रेघा रेघा पडत नाहीत. वेळ मात्र लागतो. शेडमध्ये ८ अंश, काचेवर ओलसर वाफ, आणि आरपार दिसायला १२ मिनिटं.

दोष दोन. एका कडेला थर सुटून दुधट डाग पडला आहे, आणि तिथे आत ओल शिरून काही तारा गंजून तुटल्या आहेत. त्या दुरुस्त करायचा कोणताही मार्ग नाही, कारण तिथे हातच पोचत नाही. सुस्थितीतली अशी मूळ काच कोणाच्या गाडीत असेल तर कडेचं रबर वेळेवर बदला, आत पाणी शिरू देऊ नका. एवढंच आपल्या हातात असतं.

२३ नोव्हेंबर

काल रात्री एक शंका डोक्यात राहिली. तारा दोन थरांच्या मध्ये आहेत आणि वाफ आतल्या पृष्ठभागावर धरते. म्हणून उशीर होतो का?

गणित करून पाहिलं. काचेत उष्णता किती वेळात पसरेल ते अंतराच्या वर्गावर ठरतं. ३ मिलिमीटर जाडी पार करायला साधारण १८ सेकंद. म्हणजे थराचा अडथळा नगण्य. छापील रेघांच्या काचेत दोन रेघांमध्ये ३० मिलिमीटर अंतर असतं, तर मधल्या बिंदूपर्यंत १५ मिलिमीटर. अंतर पाचपट, वेळ पंचवीसपट, म्हणजे साडेसात मिनिटं. उष्णतेचा खरा लांबचा प्रवास आडवा आहे.

मग जुनी काच संथ का? वजनामुळे आणि कमी वॅटमुळे. दोन थर मिळून ६ मिलिमीटर, क्षेत्रफळ ०.५५ चौरस मीटर, म्हणजे सव्वाआठ किलो काच. ती ८ अंशांनी तापवायला ५५ किलोज्यूल लागतात. ९८ वॅटवर यालाच नऊ-साडेनऊ मिनिटं, बाहेरच्या गार हवेला जाणारी उष्णता वेगळी. काकांच्या गाडीची काच ४ मिलिमीटरची एकेरी, साडेपाच किलोची. तिला ३७ किलोज्यूल पुरतात आणि १६० वॅट मिळाले तर चार मिनिटं.

त्यात रेघांमधल्या जागेत पसरायचा वेळ आणि बाहेर जाणारी उष्णता धरली, की 'पूर्वी दहा मिनिटांत' ही काकांची आठवण गणितात बसते. पुढच्या काळातल्या टायमरचा दहा मिनिटांचा आकडाही इथूनच आला असावा असं मला वाटतं.

३० नोव्हेंबर

छापील रेघांबद्दल, कारण पुढच्या आठवड्यात त्यांनाच हात लावायचा आहे.

चांदीची बारीक पूड, काचेची पूड आणि ती धरून ठेवणारं द्रव्य यांची लापशी जाळीच्या छपाईने सपाट काचेवर छापतात. मग काच ६०० अंशांच्या वर तापवून वाकवतात आणि गार हवेच्या झोताने एकदम थंड करून कडक करतात. त्याच तापात लापशीतली काचेची पूड वितळते आणि चांदी काचेला कायमची चिकटते. कडक काच बनवण्यासाठी भट्टी लागतच होती, त्याच फेरीत हीटरही तयार झाला. वेगळ्या तारा विणणं नको, दोन थर नकोत. ब्रिटिश गाड्यांच्या मागच्या काचांवर 'ट्रिप्लेक्स हॉटलाइन' ही खूण दिसते ती याच पद्धतीची. महागड्या गाड्यांची सोय साध्या गाड्यांत उतरली ती या छपाईमुळे.

वीज कशी वाहते तेही यात उघड दिसतं. दोन्ही कडांना रुंद उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या समांतर रेघा. एक तुटली तर तेवढीच मरते, बाकीच्या आपापल्या परीने चालू राहतात. काही काचांत दोन्ही टोकं एकाच बाजूला आणतात आणि अर्ध्या रेघा जाताना, अर्ध्या येताना वापरतात. तिथे भागांची साखळी असल्यामुळे एका भागातल्या रेघा तुटत गेल्या की दुसऱ्या भागाचाही करंट घटतो. खरेदीला जाताना हे पाहून घ्यावं.

या सगळ्यात एक वेगळीच वाट फोर्डने धरली होती. १९७४ साली थंडरबर्ड आणि लिंकन काँटिनेंटल मार्क फोर यांना काचेच्या थरांमध्ये सोन्याचा पारदर्शक मुलामा देऊन अख्खी काच तापवण्याचा पर्याय मिळाला. एवढा पातळ मुलामा १२ व्होल्टवर पुरेसा करंट घेत नाही, म्हणून बॉनेटखाली जास्त व्होल्टेजचा वेगळा अल्टरनेटर बसवला. काच सोनेरी झाक मारते. हे वाचताना मला जाणवलं की इथेही अडचण काचेची नव्हती, वीज कुठून आणायची हीच होती.

७ डिसेंबर

तुटलेल्या जागा शोधल्या. मीटरचं काळं टोक अर्थच्या पट्टीवर, लाल टोक रेघेवरून सरकवत न्यायचं. टोकाला ॲल्युमिनियमची पातळ पन्नी गुंडाळली, नाहीतर सुईने रेघ खरवडली जाते. चांगल्या रेघेवर व्होल्टेज एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश उतरत जातं आणि बरोबर मध्यावर निम्मं होतं. तुटलेल्या रेघेवर ते अख्खं राहतं आणि एका जागी धाडकन शून्य होतं. तीच जागा. तीनही रेघांच्या जागा मेणाच्या पेन्सिलने बाहेरून खुणावल्या.

तिन्ही तुटी एकाच उभ्या ओळीत आहेत. सामान वर ठेवताना काहीतरी घासलेलं असणार.

८ डिसेंबर

रेघा जोडल्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून फक्त रेघेएवढी फट ठेवली आणि चांदीचा वाहक रंग तीन हात दिला. प्रत्येक हाताला अर्धा तास. रंग तुटीच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर पुढे न्यावा, नाहीतर सांध्यावरच रेझिस्टन्स साठतो आणि नेमकी तीच जागा जळते. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

अर्थच्या बाजूचा टॅबही, म्हणजे पट्टीवर वायर जोडायची धातूची जीभ, अर्धा सुटलेला आहे. त्याला सोल्डर लागेल. आधी भंगारातल्या अँटेनावाल्या काचेवर सराव केला आणि ते फार बरं झालं. साध्या कथील-शिशाच्या सोल्डरने जोड बसला, पण गार झाल्यावर ओढून पाहिला तर पट्टीची चांदी सोबत घेऊनच निघून आला. खाली काच मोकळी. वितळलेलं कथील चांदी स्वतःत विरघळवून घेतं, म्हणून इथे २ टक्के चांदी असलेलं सोल्डर लागतं. त्यात आधीच चांदी असल्यामुळे पट्टीची चांदी तो कमी ओढतो.

१४ डिसेंबर

चांदीच्या सोल्डरने टॅब लावला. शेड हीटरने तासभर ऊबदार ठेवली होती, कारण गार कडक काचेवर एकाच ठिकाणी सोल्डरिंगचं गरम टोक टेकवलं तर ती सगळीच्या सगळी फुटू शकते. टॅबला आणि पट्टीला वेगवेगळं कथील चढवून घेतलं, मग दोन्ही एकत्र धरून तीन सेकंदांत काम संपवलं. ते तीन सेकंद मी श्वास रोखून होते.

डिकीतला अर्थचा बोल्ट काढला. खाली रंग, त्याखाली गंज. पत्रा चकाकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, वर ग्रीस.

२१ डिसेंबर

रिले परत आला. जुन्या लुकास रिलेच्या टोकांवर डब्ल्यू १, डब्ल्यू २ आणि सी १, सी २ अशा खुणा असतात. डब्ल्यू ही कॉइलची टोकं, सी ही संपर्कांची. आजच्या रिलेवर जर्मन मानकाप्रमाणे ८५, ८६ आणि ३०, ८७ असतं. ब्रॅकेटमध्ये जुन्या साच्याचाच रिले बसवला आहे. जागा बदलली असती तर वायर थोडी आखूड झाली असती, पण मूळ भोकं तशीच होती आणि मला ती रिकामी ठेवायची नव्हती.

बॅटरीकडून रिले, रिलेकडून काच: ४ चौरस मिलिमीटरची नवी वायर, ४.५ मीटर. १५ अँपिअरला तिच्यात ०.३ व्होल्ट जातात. फ्यूज सलग २५ वाहणारा. ही वायर त्याहून जास्त सहज सोसते. कॉइलला वीज इग्निशनमधून, म्हणजे किल्ली काढली की डीफॉगर बंद.

ही साधी वाटणारी जोडणीही त्या काळातली मोठी पायरी आहे. थेट स्विचच्या सर्किटमध्ये चालक विसरला तर सकाळी बॅटरी रिकामी. इग्निशनवरचा रिले आल्यावर निदान उभ्या गाडीचा धोका गेला. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत पुढे आणखी एक पाऊल पडलं: स्टार्टर फिरत असेपर्यंत मागच्या काचेसारखे मोठे भार तोडणारा वेगळा रिले.

इंजिन चालू करून मोजलं. बॅटरीवर १३.८, काचेवर १३.३. करंट १४.६ अँपिअर. म्हणजे ०.९१ ओहम, आणि काचेला १९४ वॅट. ७३ वरून १९४.

स्विच गार आहे. काकांना फोनवर सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न: "तो पिवळा दिवा लागतो का?" बल्ब उडालेला होता. लावला.

४ जानेवारी

टायमर. मूळ गाडीत नव्हता. काका विसरभोळे आहेत असं म्हणणार नाही, पण पिवळा दिवा दिवसा दिसत नाही हे खरं.

१९४ वॅट तासभर चालू राहिले तर अल्टरनेटरचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा इथेच जातो, आणि काच साफ झाल्यावर त्याचा काही उपयोग नसतो. म्हणून महागड्या गाड्यांत स्वतःहून बंद होणारं सर्किट आलं. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत पहिल्यांदा दाबलं की दहा मिनिटं, त्याच फेरीत पुन्हा दाबलं की पाच. त्यामागचा विचार मला आवडतो: दुसऱ्यांदा काच आधीच कोमट असते.

पहिला प्रयत्न ५५५ या टायमर चिपने. ही चिप १९७२ ची, म्हणजे गाडीच्या वयाची. ६०० सेकंदांसाठी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि जवळपास १.२ मेगाओहम. कागदावर बरोबर, टेबलावर नाही: एकदा १३ मिनिटं, एकदा १९, थंडीत वेगळंच. इतक्या मोठ्या रेझिस्टन्समधून कपॅसिटर भरणारा करंट शेवटी शेवटी तीन-चार मायक्रोअँपिअर, आणि कपॅसिटरची स्वतःची गळतीच तेवढी. भरणाऱ्या हंड्याला भोक असल्यासारखं.

११ जानेवारी

सीडी ४०६० वापरून पुन्हा केलं. यात आंदोलक आणि मोजणारा एकाच चिपमध्ये. छोटा, न गळणारा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि ३३० किलोओहम. ७६ मिलिसेकंदांचा एक ठोका. शेवटचं टोक ८,१९२ ठोक्यांनंतर वर जातं, म्हणजे हिशेबाने १० मिनिटं २२ सेकंद. प्रत्यक्षात १०:४०, आणि दहा वेळा मोजून फरक दोन सेकंदांच्या आत. मोठा वेळ मोठ्या कपॅसिटरने मिळवण्यापेक्षा छोटा वेळ मोजत जाणं किती भरवशाचं असतं हे हाताने करून पटलं.

चिपच्या वीजपुरवठ्यावर १० व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेवर अडवणारा डायोड), कारण गाडीच्या वायरीत उसळणारे व्होल्टेजचे झटके ती सोसणार नाही. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड. गाडीचा अर्थ निगेटिव्ह आहे म्हणून हे सरळ जमलं. पॉझिटिव्ह अर्थच्या जुन्या ब्रिटिश गाडीत रेघांना दिशेचं सोयरसुतक नसतं, पण टायमर आणि डायोड उलटे जोडले तर पहिल्याच क्षणी जातील.

१८ जानेवारी

अँटेनावाली काच, थोडक्यात, कारण ती या गाडीत जाणार नाही. बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेसारख्या गाड्यांत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मागच्या काचेनेच रेडिओचं काम पत्करलं. अडचण अशी की रेघा बॅटरीला आणि अर्थला जोडलेल्या, म्हणजे रेडिओच्या लहरींसाठी त्या जमिनीत पुरल्यासारख्याच. उपाय म्हणून दोन्ही वायरी एकाच फेराइट कड्यावर सोबत गुंडाळतात. जाणारे आणि येणारे १५-२० अँपिअर एकमेकांचं चुंबकत्व पुसतात, त्यामुळे कडं भरून जात नाही. लहरींना मात्र दोन्ही वायरींत सारखाच मोठा अडथळा होतो आणि रेघा अर्थपासून सुटतात. इतका सुंदर उपाय मी मोटारीत फार कमी पाहिला आहे. या काचेवर मी सोल्डरचा सराव केला याचं आज थोडं वाईट वाटलं.

१ फेब्रुवारी

चाचणी. शेडबाहेर ८ अंश. आत ओले टॉवेल आणि आम्ही तिघं, अर्धा तास दारं बंद. मागची काच पूर्ण पांढरी.

इंजिन सुरू, डीफॉगर सुरू. १ मिनिट ५० सेकंदांनी पहिल्या रेघा उमटल्या, गवताच्या पात्यांसारख्या. ३ मिनिटांनी पट्ट्या रुंद झाल्या, मागे उभी केलेली सायकल ओळखू आली. ६:३० ला सगळं साफ, फक्त वरचे दोन कोपरे सोडून. तिथे रेघा पोचतच नाहीत. जोडलेल्या तीन रेघा बाकीच्यांपेक्षा थोड्या उशिरा, पण साफ. १०:४० ला रिलेचा टक् आवाज आणि पिवळा दिवा विझला.

काका मागच्या सीटवर बसले होते. काही बोलले नाहीत, वळून काचेतून बाहेर पाहत राहिले.

टायमरची डबी रिलेच्या ब्रॅकेटशेजारी एकाच प्लगवर आहे. प्लग काढून मूळ कनेक्टर परत जोडला की सर्किट आराखड्यातल्यासारखं. कुठली वायर कुठे, फ्यूज किती, हे कागदावर लिहून फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवलं आहे. राहिलेलं काम: सहा महिन्यांनी तिन्ही जोडांवर पुन्हा व्होल्टेज मोजणं.